शिडी, दोन कोयते आणि तुमची शपथ

अहो,

पुढच्या खोलीतला तुमचा पलंग पंधरा दिवसांमागे हॉस्पिटलची माणसं येऊन घेऊन गेली. दोघंच होती. पलंगाचे तीन तुकडे केले, व्हॅनमध्ये घातले, माझी सही घेतली आणि गेली. कार्पेटवर चाकांचे चार खड्डे राहिलेत. खुर्ची तिथे सरकवून बघितली, पण त्या जागेवर बसवत नाही. दीड वर्ष तुमच्यामुळे घराबाहेर पडता येत नव्हतं. आता तुम्ही नाही, तरी मी कोट चढवते, दारापर्यंत जाते आणि परत येते.

इथल्या मराठी मंडळातली माणसं म्हणतात, आजी, आजोबांबद्दल चार ओळी लिहा, अंकात घालू. तुम्ही फौजेत होता, फाउंड्रीत तीस वर्षं काढली, शिस्तीचे होता, हे ती माणसंच लिहितील. त्यांना छान लिहिता येतं. मी चौथी शिकलेली. माझं तुमच्याशी वेगळं काम आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही उठून गेलात. म्हणून जे तोंडावर सांगायचं होतं ते इथे सांगते. वाचणाऱ्यांनी वाचावं. आता लपवायचं काही राहिलं नाही.

भांडण सुरू झालं त्या शनिवारी. नेहा आली होती, आपल्या शिवाची पोरगी, इथेच बर्मिंगहॅमला युनिव्हर्सिटीत शिकते आणि शनिवारी आपल्याकडे जेवते. तुम्ही चहा पीत होता. दारात मोहिंदरभाऊ उभे राहिले, तुमच्या माजी सैनिकांच्या क्लबातले सरदारजी. हातात झेरॉक्स.

"हवलदारसाब, आप इटली में थे ना? देखो, अमेरिका से चिट्ठी आई है. कोई औरत अपने बाप का पूछ रही है."

कागद नेहाच्या हातात दिला आणि भाऊ चहा न घेताच गेले, त्यांना गुरुद्वाऱ्यात जायचं होतं. नेहा मोठ्याने वाचायला लागली. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग मला तिच्या मराठीत सांगायची.

"आजी, हिचा नाव लोरेटा आहे. हिचे डॅड अमेरिकन आर्मीत होते. सगळी रेजिमेंट ब्लॅक सोल्जरांची, आणि वरचे मोठे ऑफिसर गोरे. इटलीच्या माउंटनमध्ये होते, ख्रिसमसच्या वेळी. जर्मन लोकांनी अटॅक केला, आणि आर्मीच्या पेपरमध्ये लिहिलंय की ही सगळी रेजिमेंट पळाली. मग इंडियन सोल्जर आले आणि त्यांनी सगळं परत घेतलं. आजोबा, म्हणजे तुमी!"

तुम्ही बशीत चहा ओतत राहिलात.

"पण ही म्हणते, सगळे नाही पळाले. तिचे डॅड मशीनगनवर होते, गावाच्या टोकाच्या घरात. आणि आर्मीवाल्यांनी काय लिहिलं? बॉडी वरच्या रूममध्ये बेडवर मिळाली, अंगावर ब्लँकेट, पायात बूट नाही. म्हणून ते झोपले होते. पोस्टवर नव्हते. फिनिश!" नेहा चिडली होती. "डिसेंबरमध्ये, माउंटनवर, बूट काढून कोण झोपतं? एवढं पण कळत नाही त्यांना?"

त्या रेजिमेंटमधले सात-आठ म्हातारे उरलेत म्हणे. सगळ्यांनी साठ वर्षं पळपुटे म्हणवून घेतलं. आता आता कुठे सरकारने एक-दोघांना पदकं दिली, तीही बहुतेक मेल्यावर. ते म्हातारे आणि त्यांची पोरं मिळून आपल्या पलटणीचं पुस्तक करतायत, खरं काय झालं त्याचं. प्रत्येक माणसाला त्यात दोन ओळी. लोरेटा म्हणत होती, माझ्या वडिलांना मी बघितलेलं नाही, ते गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. त्यांच्या दोन ओळींत 'झोपला होता' एवढंच नको. त्या गावात गेलेला कोणी इंडियन सोल्जर अजून असेल, तर त्याने काय बघितलं ते सांगावं.

"आजोबा, तुमी बघितलं का?"

तुम्ही कप खाली ठेवला. "आम्ही त्या बाजूला नव्हतो," म्हणालात. "तुझा चहा गार झाला."

कागद टेबलावर होता. वर एका तरण्या माणसाचा फोटो, टोपी जरा तिरकी. खाली त्याचं नाव आणि मोठा नंबर. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण नावात शिडी होती. दोन उभ्या काठ्या, मध्ये एक आडवी. आणि नंबराच्या शेवटच्या चार आकड्यांत आधी दोन कोयते, एकाशेजारी एक. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघतच होता.

मला कळलं, आणि मला कळलं हे तुम्हाला कळलं. तिथून आपण दोघं अडकलो.

ती शिडी आणि ते कोयते मी दोन पावसाळे रोज बघितले होते. तुमच्या घरी मी नांदायला आले ती अनवाणी. तेव्हा कोणाच्या पायात काय होतं म्हणा. तुम्ही लग्न करून दहाव्या दिवशी पलटणीत गेलात. शिवा पोटात आहे हे तुम्हाला पत्राने कळवलं. गोठ्यात खुंटीला ते बूट टांगलेले, उंच, घोट्याच्या वर दोन-दोन बकलं. मामंजींनी घातले होते काही दिवस, मग त्यांच्या पायाला सूज आली. सासूबाई म्हणाल्या, "घाल की गं तू. अमेरिकेच्या साहेबाने दिलेत माझ्या लेकाला. नुसते टांगून का पूजा करायचीय?"

ऊस तुटल्यावर रानात जी खुंटं राहतात, ती अशी तासलेली असतात की सुरीच. पाणी धरायला तिथूनच जायचं. बायांच्या तळव्यांची चाळण झालेली. मी पुढे चिंध्या कोंबल्या, पाय घातले, बकलं लावली आणि चालले. खुंट नाही, काटा नाही, विंचवाची भीती नाही. बाया हसायच्या, "आली बघा पलटण! लेफ-राईट, लेफ-राईट!" हसू दे. बूट घालताना आत बघायची सवय लागली, साप-विंचू असला तर. आत कातड्यावर शिक्का होता. शिडी, मग दोन कोयते, आणि पुढचं मामंजींच्या घामाने पुसून गेलेलं. ते काय लिहिलंय मला ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी ते त्या बुटांचं नावच होतं.

मग तुम्ही रजेवर आलात. भर दुपारची वेळ. मी बांधावर, शिवा बाभळीखाली झोळीत. तुम्ही पोराला अजून बघितलेलंही नव्हतं. झोळीकडे बघितलं नाहीत, माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत. पायांकडे बघितलंत.

"काढ."

"कधी आलात? घरी तरी..."

"काढ म्हणतो ना!"

आणि खाली बसून तुम्हीच ओढायला लागलात. मी सरीत पडले उताणी. तुम्ही दोन्ही बूट उचलले आणि विहिरीत टाकले. एकामागून एक आवाज आले. मग विहिरीच्या कडेला बसलात आणि सांगितलंत. एकदाच. त्यानंतर पन्नास वर्षांत परत कधी नाही.

तुम्ही म्हणालात, आम्ही चढत होतो आणि अमेरिकेचे काळे सोल्जर त्या वाटेने खाली येत होते. कुणाच्या हातात बंदूक, कुणाच्या नाही. सुभेदार म्हणाले, तिकडे बघायचं नाही, पुढे बघायचं. दोन दिवस लढून गावात शिरलो. पहिल्याच घरात मी वर गेलो. तो बसला होता. मशीनगनच्या मागे, गनवर कपाळ टेकून, नमस्कार केल्यासारखा. खोलीत घोट्यापर्यंत काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. भरलेली एक गोळी शिल्लक नव्हती. तो पळाला नव्हता. सगळं संपेपर्यंत तिथेच होता.

पुढे म्हणालात, माझ्या बुटांचे तळ निघाले होते, दोरीने बांधलेले. बोटं काळी पडायला लागली होती. त्याचे बूट काढायला गेलो तर निघेनात, माणूस थंडीने ताठलेला. म्हणून त्याला उचलून कोपऱ्यातल्या खाटेवर आडवा केला. छातीवर गुडघा ठेवला आणि ओढले. मग त्याचे पाय बघवेनात. आपल्याकडे गेलेल्या माणसावर घालतात तशी तिथली चादर त्याच्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा गोरा साहेब कागद घेऊन आला. आपल्या साहेबाने रांगेत विचारलं, इथे त्यांच्यातला कोणी लढताना मेलेला दिसला का? मी त्याच्याच बुटांत उभा होतो. मेलेल्याचं काही घेतलं तर कोर्ट मार्शल. म्हणालो, नाही साहेब.

एवढं सांगून तुम्ही उठलात, झोळीतून शिवाला काढलंत आणि माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवलात. "ह्याची शपथ आहे तुला. कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर ह्याचं वाईट होईल." माझ्या हाताखाली त्याची टाळू उडत होती. मी हो म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

एक गोष्ट त्या दिवशी मी तुम्हाला बोलले नाही, ती आता सांगते. मला त्या मेलेल्या माणसाचं काही वाटलं नाही. मला माझे बूट गेल्याचं वाईट वाटलं. त्याच हंगामात माझ्या टाचेत खुंट गेलं, आरपार. ती खूण अजून आहे. तुम्ही तेव्हा परत पलटणीत होता. मी कळवलं नाही.

पण हेही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. मी बर्मिंगहॅमला आले तेव्हा तुम्ही घर दाखवायच्या आधी मला बाजारात नेलंत. आतून लोकर असलेले बूट घेतलेत माझ्यासाठी. दुकानातली बाई म्हणाली, एक साईज मोठे होतील, तर तुम्ही दुसरे काढायला लावलेत. नंतर दर थंडीला नवे. रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून सगळ्या घराच्या बुटांना पॉलिश करत बसायचात, माझ्यासुद्धा. शेजारच्या बाया म्हणायच्या, यू आर लकी. मी हसायची. तुम्ही काय घासत होता ते मला ठाऊक होतं.

तर ते पत्र. नेहा गेली आणि मी स्वयंपाकघरात तुमच्यामागे लागले.

"सांगा की तिला."

"काय सांगू? मेलेल्याचे बूट ओढले म्हणून सांगू? नातीसमोर?"

"तो झोपला नव्हता, एवढं तरी सांगा."

"मग पुढचं विचारतील. खाटेवर कोणी ठेवला, बूट कुठे गेले. एक टाका उसवला की सगळं उसवतं."

"तिने बापाला बघितलं नाही हो."

"माझं मला कळतं. तू गप्प बस."

"गप्प बसले की. बावन्न वर्षं बसले. आता मला तरी सोडवा. 'सुटली' म्हणा, मी सांगते. तुमचं नाव घालत नाही."

आपल्याकडे पोरंसुद्धा खेळताना शपथ घालतात, आणि ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हणलं की मोकळं. दुसरं कोणी म्हणून उपयोग नसतो. एक शब्द. तुम्ही उठून बागेत गेलात. पुढचे तीन आठवडे 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे आपण बोललो नाही. नेहाने तिकडे कळवून टाकलं की आजोबा इटलीत होते, पण त्यांना काही ठाऊक नाही. आणि मग एका सकाळी तुम्ही घेवड्याच्या वेलाला काठी बांधता बांधता वाफ्यात पडलात.

अर्धं अंग गेलं आणि सगळी भाषा गेली. मराठी, हिंदी, फाउंड्रीतलं इंग्रजी, सगळं. राहिला एक शब्द, 'च्यायला'. तो मात्र स्वच्छ. ती बोलायला शिकवणारी गोरी मुलगी चित्रं दाखवायची. कप? च्यायला. कुत्रा? च्यायला. तिने कौतुकाने लिहून घेतलं आणि मला विचारलं, अर्थ काय? मी म्हणलं, गुड मॉर्निंगसारखं आहे. मग ती रोज येताना दारातून तुम्हाला तेच म्हणायची. तुमचा अर्धा चेहरा हसायचा. त्या दीड वर्षात आपण हसलो ते तेवढंच.

बाकी खोली आणि आपण दोघं. सकाळी नर्स, संध्याकाळी नर्स, मधे मी. तुम्ही पलंगात अडकलेले, मी तुमच्यात. लोरेटाचं ख्रिसमस कार्ड आलं, नेहाने ते तुम्हाला दिसेल असं फळीवर ठेवलं. आत लिहिलं होतं, आमच्या लोकांसाठी तुम्ही लढलात, त्याबद्दल आभार. ते तिथून हलवावं तर नेहा विचारणार का हलवलं. म्हणून ते राहिलं. महिनोन्महिने तुम्ही त्याच्याकडे बघत पडलेले आणि मी तुमच्याकडे.

रक्त साखळू नये म्हणून ते पांढरे घट्ट सॉक्स घालायचे असायचे तुम्हाला. ते सहजी चढत नाहीत. मी पलंगाला गुडघा टेकून ओढायची. रोज त्या वेळी तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं. नर्स म्हणायची, त्यांना दुखतंय का? मी म्हणायची, हो.

आणि रोज मी तुमच्या कानाशी वाकून म्हणायची, "सुटली म्हणा. एवढा एक शब्द." तुम्ही भिंतीकडे तोंड करायचात. एकदा मला राग अनावर झाला. म्हणलं, "च्यायला येतं, सुटली येत नाही होय?" आजारी माणसाला असं बोलू नये. पण मला अजून कळलेलं नाही, अहो, तुम्हाला शब्द येत नव्हता की द्यायचा नव्हता? हे एक तुम्ही बरोबर घेऊन गेलात. मान हलवायला तर येत होती.

तुम्ही गेलात आणि मला वाटलं आता कायमचं कुलूप लागलं. ज्याने घातली तोच गेला, सोडवणार कोण?

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर शिवा सिंकपाशी भांडी घासत होता. चोपन्न वर्षांचा झाला. डोक्यावर एक केस नाही, ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या. मी त्याच्या पाठीशी बोलले.

"शिवा, तुझ्या डोक्यावर एक शपथ आहे."

"कसली?"

"ते सांगता येत नाही. तीच तर शपथ आहे."

"आई, दॅट्स मॅड." वळून बघितलं त्याने. मी रडत नव्हते, पण त्याने नळ बंद केला. "कोणी घातली? बाबांनी? आणि तू बोललीस तर काय होईल?"

"तुझं वाईट होईल."

"माझं काय वाईट व्हायचं राहिलंय? केस गेले, गुडघा गेला, माझी फुटबॉलची टीम खालच्या डिव्हिजनला गेली." मग साबणाच्या हाताने माझं मनगट धरलं आणि माझ्यापुढे वाकला. "डोकं कोणाचं आहे? माझं ना? ठेव हात. मी म्हणतो, सुटली."

"तुझ्या म्हणण्याने सुटत नाही रे."

"मग कोणाच्या सुटते? त्यांना बोलता येत नव्हतं, आता ते नाहीत. आय ॲम द ओन्ली वन लेफ्ट. सुटली. सुटली. सुटली. तीनदा पुरे का?"

माझ्या हाताखाली त्याचं टक्कल. गरम होतं. मी सांगितलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, विहिरीपर्यंत. तो बाहेर जाऊन गाडीत बसला. पंधरा-वीस मिनिटांनी आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, "मला कधी ओल्या बुटात शाळेत जाऊ दिलं नाही त्यांनी. आठवतंय? हीटरवर सुकवून, मग. उशीर झाला तरी." एवढंच. मग उरलेली भांडी घासली.

सुटली का नाही, देव जाणे. तो आपल्या घरी ब्रिस्टलला निघाला की मी फोनशेजारी बसते. मोटरवेवर ट्रॅफिक असला की दोन तास, अडीच तास. "पोचलो" म्हणेपर्यंत घोटभर पाणी जात नाही. हे आता मी असेपर्यंत चालायचं. ते मी पत्करलंय.

नेहाला मी शिडी आणि कोयते कागदावर काढून दिले. ती बघतच राहिली. "आजी, हे एच आहे. आणि हे सेव्हन, सेव्हन." तिने ते, आणि मी सांगितलेलं सगळं, कॉम्प्युटरवरून अमेरिकेला पाठवलं. दोन दिवसांत लोरेटाचं उत्तर आलं. त्यांच्या फौजेत प्रत्येकजण आपल्या बुटांत आडनावाचं पहिलं अक्षर आणि नंबराचे शेवटचे चार आकडे उमटवायचा, हे त्या म्हाताऱ्यांनी तिला सांगितलं होतं. तिच्या वडिलांचं आडनाव एचचं. चारातले पहिले दोन आकडे सात-सात. तिला फोन करायचा होता, मला चालेल का?

गेल्या शनिवारी केला. इथे दुपार, तिकडे सकाळ. नेहाने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. लोरेटाचा आवाज जाडसर, दमदार, आपल्या गल्लीतल्या चर्चच्या कोपऱ्यावरच्या त्या जमैकाच्या बाईसारखा. मी मराठीत बोलायची, नेहा सांगायची.

आधी तिने पुंगळ्यांचं विचारलं. घोट्यापर्यंत? मी म्हणलं, माझे मालक असंच म्हणाले होते, ते वाढवून सांगणाऱ्यातले नव्हते.

मग तिने चादरीचं विचारलं. त्यांनी ती का घातली? मी म्हणलं, आमच्यात घालतात. उघडं ठेवत नाहीत.

ती बोलली आणि नेहाला ते मराठीत आणायला वेळ लागला. "आजी, ती म्हणते, तिच्या मदरला लोकांनी हेच सांगितलं होतं. बेडमध्ये, ब्लँकेट घेऊन. तिची मदर म्हणायची, हो, तो सकाळी कधी वेळेवर उठायचाच नाही. ती असं मानूनच वारली."

तुमचा चांगुलपणा त्या घरात साठ वर्षं नांदला तो असा.

मग लोरेटाने विचारलं, तुम्हाला हे किती वर्षं ठाऊक होतं? नेहाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणलं, जितकं आहे तितकं सांग. पन्नासच्या वर.

मला वाटलं तिने फोन ठेवला. ठेवला असता तरी तिचं बरोबर होतं. मी माफी मागितली नाही, तोंडात येईना. म्हणलं, "तिला सांग, ते बूट मी पण घातले. दोन पावसाळे, उसाच्या रानात. पायाला काही लागलं नाही."

"मोठे होत असतील," ती म्हणाली.

"खूप. चिंध्या कोंबायची."

ती हसली का रडली ते फोनवरून कळलं नाही. म्हणाली, आमच्या घरात सगळ्यांचेच पाय मोठे आहेत.

मग कामाचं बोलली. सरकारी कागद बदलेल असं नाही, त्यांना डोळ्यांनी बघितलेला माणूस हवा, त्याची विधवा चालत नाही. पण पलटणीचं पुस्तक त्यांचं स्वतःचं आहे. वडिलांच्या ओळी तिने लिहून ठेवल्या होत्या, त्या वाचून दाखवल्या. तो आपल्या गनवर होता. गोळ्या संपेपर्यंत होता. एका इंडियन सोल्जरने त्याला खाटेवर निजवलं, त्याच्यावर चादर घातली आणि त्याचे बूट घेतले, कारण स्वतःचे फाटले होते.

मग थांबली आणि विचारलं, एक इंडियन सोल्जर एवढंच लिहू, का नाव लिहू?

नेहाने फोनवर हात ठेवला. "आजी, नाव नको. यू डोन्ट हॅव टू. लोकं आजोबाला चोर म्हणतील. तिला काही वाटणार नाही, तिने स्वतःच विचारलं ना?"

मी त्या चार खड्ड्यांकडे बघत होते. तुमचं म्हणणं मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणाला असता, गप्प बस. पण मला आणखीही एक दिसत होतं. त्या माणसाला शेवटचं हाताने उचललं ते तुम्ही. त्याचं कोणी तिथे नव्हतं. तिथे कोण होतं हे त्याच्या लेकीला कळायला नको?

पंचावन्न वर्षं संसार केला, पण तुमचं नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं. अहो, शिवाचे बाबा, आमचे मालक. डॉक्टरकडे खिडकीतल्या बाईने विचारलं की मी कार्ड पुढे करायची. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, तेही बायांनी ओढून काढलं म्हणून. नेहा सांगू शकली असती. मी तिचा हात बाजूला केला आणि फोनपाशी वाकले.

"हिंदुराव," म्हणलं. मग परत, आडनावासकट, जरा मोठ्याने.

स्पेलिंग मला येत नाही, ते नेहाने सांगितलं. लोरेटाने लिहून घेतलं. मग तिने ते वाचून बघितलं, चुकलं. परत म्हणाली, परत चुकलं. मी इकडून सावकाश म्हणायची, ती तिकडून माझ्यामागे म्हणायची, आणि नीट आल्याशिवाय तिने सोडलं नाही.